घमेल्यातली आंघोळ

आप्पा, आज सकाळी तुमच्या पणतीनं मला रंगेहाथ पकडलं. साठी कधीच ओलांडलेली आजी बाथरूममधून आंघोळीच्या पाण्याची बादली काढते, जिना उतरते आणि ते पाणी गुलाबांना घालते, हे तिला काही केल्या पटेना. हसून हसून खालीच बसली पोर. तिला म्हटलं, जर्मनीत राहून काय झालं, माझा बाप लातूरचा. आणि तुमची अशी आठवण आली की कागद घेऊनच बसले.

त्या बहात्तरच्या दुष्काळात आपल्या घरी दोन दिवसांआड चार घागरी पाणी यायचं. तुम्ही डाळमिलवरून एक लोखंडी घमेलं आणलंत आणि हुकूम काढलात: सगळ्यांनी यातच उभं राहून आंघोळ करायची, साचलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, उरेल ते परसातल्या लिंबोणीला. एकदा माझ्या हातून भरलेला तांब्या कलंडला. तुम्ही असे ओरडलात की शेजारीपाजारी बाहेर आले. मी भोकाड पसरलं तर म्हणता कसे, “रडू नको माय, ते बी पाणीच हाय!” आई पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग तुम्हीही. लिंबोणी मात्र जगली.

लग्नानंतर यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी दोन वर्षांसाठी इकडं आले, तर नळ सोडला की धो धो गरम पाणी. मी घाईघाईनं तो बंद करायचे. पहिल्याच आठवड्यात मी प्लास्टिकचा टब आणला. रोज सकाळी बादली घेऊन दोन जिने उतरायचं आणि दारातल्या गुलाबांना पाणी घालायचं. खाली घरमालकीण राहायची, एकटी म्हातारी. पाचव्या दिवशी ती नळ दुरुस्त करणाऱ्याला घेऊनच दारात हजर! तिला वाटलं, आमची मोरी तुंबलीय आणि ही बिचारी लाजून बोलत नाही. त्या माणसानं पाऊण तास पाईप ठोकले. बिघाड असेल तर सापडेल ना! मला भाषेचे चार शब्द येत होते, त्यांत आंघोळ नव्हती. शेवटी साडी खोचली, टबात उभी राहिले आणि रिकाम्या तांब्यानं आंघोळ करून दाखवली. म्हातारी आधी बघतच राहिली, मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी तिनं मला एक हिरवी झारी आणून दिली. तिथून रोज दुपारी तिच्याकडं कॉफी, तिची भाषा आणि आपली तुरीची आमटी. नाकाडोळ्यांतून पाणी यायचं तिच्या, पण वाटी पुढं करायचीच.

हे तुम्हाला कधी लिहिलं नाही. लिहायचे काय, तर इथं थंडी लई, भाजीला चव न्हाई, कुणी कुणाशी बोलत न्हाई. वाटायचं, मी इकडं रमले हे कळलं तर तुम्हाला लागेल. तुमचं उत्तर ठरलेलं, “दोन वर्सं झाली की परत या. जावयाला मिलवर बसवतो.” लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही गल्लीभर पेढे वाटले, आणि मी सवयीनं पाकिटावर जुनाच जिल्हा टाकला. केवढे चिडलात! “आज जिल्हा इसरलीस, उद्या बापाला इसरशील.” खाली बारीक अक्षरात, “लिंबोणीला लई लिंबं लागून राहिलीत. कवा येतीस?”

ती ओळ मी कितीदा वाचली असेल. मग लिहिलं, कंपनी यांना सोडत नाही.

तुम्ही ते खरं मानलंत आणि सगळा राग जावयावर काढलात. सुट्टीला आलो की ओट्यावरूनच विचारायचात, “काय जावईबापू, सोडलं का न्हाई सायबानं?” हे बिचारे मान खाली घालून लिंबाचं सरबत प्यायचे. तुम्ही जाईपर्यंत त्यांनी ते बोलणं ऐकून घेतलं, एका शब्दानं मला उघडं पाडलं नाही. आजही विषय निघाला की हसतात नुसते.

पत्र कुठं टाकायचं नाहीच आहे, तरी पाकिटावर ठळक लिहिलंय, जिल्हा लातूर. आप्पा, कंपनीनं कधी अडवलं नव्हतं. दोन वर्षं झाली तेव्हा यांनीच विचारलं होतं, परत जाऊ या का? मी झारीत पाणी भरत होते. मीच नको म्हणाले. मला इथं लई आवडलं होतं.