अप्पांनी विझवलेला हीटर

८ डिसेंबर, सोमवार
परत गार पाणी! सकाळी सकाळी गिऱ्हाईक काउंटरवर. परभणीचे कापडवाले शेठ तर टॉवेलवरच खाली उतरले — "मॅडम, लॉज हाय का बर्फाचा कारखाना?" ऐकून घेतलं, काय करणार! मागच्या खोलीत जाऊन बघते तर मोठा गॅस हीटर विझलेला, आणि नॉब 'चालू'वरून 'पायलट'वर, म्हणजे पेटवायच्या खुणेवर, फिरवलेला. म्हणजे कुणीतरी हात लावलाच. पहाटे त्या खोलीत जातं कोण? आमचे अप्पा, माझे वडील.

विचारलं तर म्हणाले, "म्या न्हाई केला बंद. इझलेलाच व्हता. मी पेटवून राह्यलो होतो, ज्योत टिकंना." मी नॉब दाबून धरला तर लगेच पेटला की! त्यांचं म्हणणं मला पटलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
पुन्हा तेच. पुन्हा नॉब पायलटवर. आज माझा तोल गेला — गिऱ्हाइकांसमोरच. "अप्पा, वय झालं आता. विसरता तुम्ही. कबूल करा ना एकदाचं!"

सारी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढलेला माणूस. हँडब्रेक लावला की मागे वळून बघायचं नाही, एवढी खात्री स्वतःची. शांतपणे म्हणाले, "अक्षू, माझा हात मला ठाऊक हाय. मी न्हाई केला." दुपारी अर्धीच भाकरी खाल्ली.

असं चारचौघांत बोलायला नको होतं. पण धंदा आहे. जालन्यात काय, आम्ही नाही तर दुसरा लॉज.

१४ डिसेंबर, रविवार
अप्पांना प्रीतीकडे, घनसावंगीला पोचवून आले. चार दिवस धाकट्या लेकीकडे राहा म्हटलं. निघताना प्रीतीला सांगितलं, "गॅसपाशी जाऊ देऊ नको गं, विसरतात." अप्पा शेजारीच उभे होते. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते, तिकडे बघत राहिले.

हीटरच्या खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

१६ डिसेंबर
पाणी कढत! कुणाची तक्रार नाही. बघा, म्हटलं होतं ना!

१९ डिसेंबर, शुक्रवार
पाणी गार.

कुलूप जसंच्या तसं. किल्ली पर्समध्ये. आत गेले. नॉब 'चालू'वरच — आणि ज्योत नाही.

खाली बसले. नॉब पायलटवर फिरवला, दाबून धरला, ठिणगीचं बटण दाबलं — कट्, कट्. निळी ज्योत आली. नॉब सोडला — गेली. पुन्हा पेटवली, पुन्हा गेली. हात दुखायला लागला. शेवटी वैतागून नॉब तसाच सोडून बाहेर आले.

दारात आल्यावर वळून पाहिलं. नॉब पायलटवर होता. अप्पा सोडून जायचे, तिथेच!

२० डिसेंबर, शनिवार
कल्याण मिस्त्री आला. हीटरचं झाकण काढून मला दाखवलं. म्हणाला, "ताई, ही बारकी ज्योत म्हंजे पायलट. ती कायम जळती. पाणी गार झालं की टाकीतली दांडी वळखती अन् गॅस सोडती — पायलटवरून मोठा बर्नर पेटतो. डायल जिथं ठिवलाय तेवढं पाणी तापलं की मोठा बंद. पायलट आपला चालूच."

मग एक बारीक तांब्याची तार दाखवली. थर्मोकपल. तिचं टोक ज्योतीत असतं. ते तापलं की जराशी वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत गेली की टोक गार पडतं, व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. नाहीतर खोलीभर गॅस! आमच्या तारेचं टोक जळून गेलेलं. कधी काम करायची, कधी नाही. ज्योत चांगली असली तरी गॅस बंद.

"म्हणजे कुणी हात न लावता?"
"बिलकुल. कोण कशाला बंद करंल?"

नवी तार बसली. पाणी लगेच कढत. मी माझ्या बापाला खोटं पाडलं.

२१ डिसेंबर, रविवार
घनसावंगी. सगळं सांगितलं, पाया पडले. "तुमचं खरं होतं अप्पा. मी चुकले." डोक्यावर हात ठेवला — "असू दे."

प्रीती आत नेऊन म्हणाली, "ताई, सोताचा च्या बी करत न्हाईत आता. नळ बंद केला का, कडी लावली का — सारखं मलाच इचारतेत."

घरी आले की जाईल सगळं, असं वाटलं. सोबत घेऊन आले. हीटरच्या खोलीची किल्ली हातात दिली. त्यांनी ती खिळ्याला अडकवली. पुन्हा हात लावला नाही.

२ जानेवारी, शुक्रवार
पहाटे पाणी गार. सिलिंडर संपलेला, एवढंच! काल बदलायचा माझ्याच ध्यानातून गेला. खिळ्यावरून किल्ली घेऊन खोली उघडली, भरलेला सिलिंडर जोडला, हीटर पेटवला आणि वळले — दारात अप्पा उभे. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले,

"माझ्याच हातून झालं असंल, अक्षू. ध्यानात न्हाई बघ."