पाळण्यावरचं पांढरं फडकं

बुधवार, ६ जानेवारी १९५४. कुंभकोणम्

आज घरात आलं ते असं: पापनाशमहून सामान, बैलगाडीचं भाडं दोन रुपये. पाळण्याच्या पितळी साखळ्या, सव्वादोन रुपये. मातीचं धुपाटणं, दोन आणे. सांब्राणीचा धूप पावशेर, सहा आणे. तुळशीचं रोप शेजारच्या धनलक्ष्मी अक्कांनी दिलं, त्याचं काही नाही.

घर छान आहे. भिंतींना ताजा चुना, मागे विहीर, माजघरात पाळण्याला मजबूत तुळई. वर्षभर ह्यांना काम नव्हतं. आता भातगिरणीत हिशेबनिसाची जागा मिळाली आणि गिरणीच्या मालकाचंच हे घर महिना आठ रुपयांत. वर जळणाला तूस फुकट. विठोबारखुमाईचीच कृपा म्हणायची. गिरणी आमच्या मागच्या भिंतीला लागून आहे, पण सुगी आली नाही म्हणून बंद आहे.

वत्सला आठ महिन्यांची. नव्या साखळ्यांचा आवाज ऐकून खिदळते. तिचं झबलं, माझं सोवळ्याचं लुगडं, सगळं पांढरंशुभ्र वाळत पडलेलं पाहून अक्का हसल्या. म्हणाल्या, डोळे भरून बघून घे गं बाई, नंतर आठवायला बरं. मला त्यांची थट्टा कळली नाही.

मंगळवार, १९ जानेवारी

संक्रांत झाली, गाड्याच्या गाड्या भात आलं आणि काल गिरणी सुरू झाली. भात हौदात भिजवतात, मग वाफवून उकडा तांदूळ करतात. भिजवलेल्या भाताचं पाणी आमच्या परसाजवळच्या गटारात सोडतात. वास कसा सांगू. बाळंतिणीच्या खोलीत दूध नासावं आणि त्यावर कुणी ओकावं तसा. जेवताना नाक दाबून घास घ्यावा लागतो, आणि मग घासाला चव राहत नाही.

आणि काजळी. सकाळी दारात रांगोळी घातली, चुलीवर पाणी ठेवून परत येते तो ती राखाडी. दुधावर साय धरते तीत काळे ठिपके. सायीत बोट घातलं तर ठिपके चिकटतात, पुसले तर पसरतात. नैवेद्याच्या दुधाची मी साय काढून टाकली, खाली पुन्हा ठिपके. सगळं दूध गटारात ओतलं. अर्धा शेर दूध.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मालक म्हणतात हे लक्ष्मीच्या डोळ्यांतलं काजळ आहे, पुसू नये. अक्कांना ते कळवलं. त्या म्हणाल्या, जो उकडा तांदूळ आपल्या नैवेद्याला चालत नाही, त्याचा धूर तेवढा आपल्या नाकाला चालतो का.

सोमवार, २५ जानेवारी

सोवळ्याचं लुगडं काठीवर उंच वाळत घातलं होतं, कुणाचा हात लागू नये म्हणून. काठीने उतरवलं तर पदरावर काळी नक्षी. तीनदा धुतलं. तिसऱ्यांदा ओलंच नेसून पूजा केली. तुळशीची पानं पाण्यात चोळून देवाला वाहिली. चोळलेलं पाणी शाईसारखं. शिंकरलं की रुमालात काळं. आपल्या आतून असं काही निघावं ह्याची मला किळस येते.

वत्सलेला ठसका लागलाय. म्हणून मी मागच्या दोन्ही खिडक्या बंद केल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, पाळण्यावर जुन्या धोतराचं पांढरं फडकं ओलं करून टाकलं. आणि धूप चालू ठेवलाय. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातलं की धुपाटण्यावर बांबूची टोपली उपडी घालून वर बाळाचं डोकं धरतात, केस सुकतात, सर्दी धरत नाही. माझ्या आजीनं माझ्या आईला असंच धरलं. धुपाटण्यात करवंटीचे निखारे महाग, म्हणून गिरणीचं तूस घालते. चांगलं धुमसतं, तासभर विझत नाही. खोलीत सांब्राणीचा वास राहतो, गटाराचा येत नाही.

मंगळवार, २ फेब्रुवारी

फडकं बाहेरून करडं झालेलं असतं. रोज सकाळी धुते. बरं वाटतं, इतकं पोरीच्या छातीत गेलं नाही म्हणून.

खोकला मात्र वाढलाय. खोकून खोकून दूध उलटतं. त्या दुधात काळे धागे. मी ते बोटानं वेगळे केले, हात चार वेळा धुतले, तरी जेवताना तेच दिसत होतं.

अक्का म्हणाल्या, वाईट वारा शिरलाय, धूप वाढव. आता दोन वेळा धरते. दुपारीही.

बुधवार, १० फेब्रुवारी. रथसप्तमी

डोक्यावर रुईची पानं ठेवून न्हाले. सूर्य दिसला नाही, गिरणीच्या धुरात एक पिवळा डाग होता, त्यालाच अर्घ्य दिलं.

आज फडकं धुताना उलटं केलं. आतल्या बाजूला एक डाग. काळा, गोल, सुपारीएवढा. वत्सलेचं तोंड जिथे येतं बरोबर तिथे.

बाहेरचा धूर आत गाळून आला असं म्हणावं, तर त्या जागी बाहेरच्या बाजूला रोजच्या करड्याखेरीज काहीच नाही. हे आतून आलंय. तिच्या तोंडातून.

धुतलं, उन्हात टाकलं. दुपारी पुन्हा तसाच.

आज धूप तीनदा धरला.

शनिवार, १३ फेब्रुवारी

ह्यांनी वैद्य स्वामीनाथांना आणलं. म्हातारे माजघराच्या उंबऱ्यावरच थांबले, उपरण्यानं नाक झाकलं, आणि तमिळीत विचारलं की पोर निजते ती खोली ही, की गिरणीची भट्टी. मग आत येऊन धुपाटणं उचललं आणि अंगणात नेऊन त्यावर घागर ओतली. म्हणाले, बाहेरच्या धुराला निदान आभाळ आहे, ह्याला कुठे जायला जागा ठेवलीस. दार लावून तुसाचा धूर लेकराच्या नाकाशी धरलास, दिवसातून तीनदा.

वीस दिवस. माझ्या हातांनी. टोपलीवर डोकं धरून ठेवायची मी, हलू नये म्हणून मान धरायची.

त्यांनी सांगितलं, पोरीला उद्याच्या उद्या इथून हलवा. हे म्हणाले, सुगीत रजा नाही, काम गेलं तर चार-पाचांच्या दारी जावं लागेल. वैद्य काढा देऊन गेले.

चिंध्या काढल्या. खिडक्या उघडल्या.

रविवार, १४ फेब्रुवारी

उघड्या खिडकीतून काजळी येते. बंद केली की आतलं आतच राहतं. उघडते, लावते. उघडते.

धूप नाही, तरी फडक्यावर डाग आहे. मोठा. आता लिंबाएवढा.

तिची जीभ ओल्या फडक्यानं पुसली. काळी तार आली. ओढली, अजून आली. ओढत राहिले, संपेना, बोटाला गुंडाळत गेले — बुळबुळीत, कोमट — शेवटी तार तोडून टाकली. वत्सला रडली नाही.

बाहेर जाऊन ओकले. त्यातही —

हे म्हणतात कफ आहे. बघितलं नाही त्यांनी.

सोमवार, १५. सकाळ

पाळण्यावरच्या भिंतीवर डाग उठलाय. मी चुना फासला. वाळता वाळता पुन्हा वर आला. तोंड. उघडं.

वत्सला तोंड उघडते तेव्हा —

नाही लिहीत.

सोमवार, दुपार

पत्राच्या कागदावर काजळी बसते, अक्षर उमटत नाही. इथेच वहीत लिहिते, पान फाडून अक्कांच्या हाती टपालात टाकेन. ह्यांना विचारलेलं नाही.

ती. बालकृष्ण अण्णांस, पापनाशम्, धाकट्या बहिणीचा सा. न.

अण्णा, वत्सलेला घेऊन येते. ह्यांची परवानगी नाही, तरी येते. तुमच्याकडे अजून भातगिरणी निघाली नाही ना, जवळपास कुणी वीटभट्टी लावली नाही ना, तेवढं आधी सांग. स्टेशनावर गाडी पाठव. वहिनीला सांग, घरात धूप घालू नको, चूल परसात —

एका हाताने पाळण्याची दोरी ओढते आहे, म्हणून अक्षर वाकडं. मघापासून खोकत होती. आता खोकत नाही. निजली असेल.

फडकं वर-खाली होत नाही, अण्णा. मध्ये ते काळं ओलं झालंय आणि आत ओढलं गेल्यासारखं —

उठून बघते. तू हे मिळताच उलट टपाली कळव, आम्ही दोघींनी निघायचं का, की मी एकटीच —