तळं बुजवणाऱ्याची कादंबरी

३ फेब्रुवारी
ऐन उन्हाळा. उकाडा. माश्या. पण मी खूश! फिरत्या लायब्ररीच्या गाडीतून डिटेक्टिव्ह कादंबरी मिळाली. शाळा मी मेंढ्यांच्या कातरणीच्या हंगामात सोडली ती सोडलीच, म्हणून ओळीवर बोट ठेवून वाचते. पण काय पुस्तक! गव्हाच्या गावातली एक पोरगी नाहीशी होते. कितीतरी वर्षांनी डिटेक्टिव्ह येतो नि सगळं उकरतो. अंगावर काटा.
संकल्प : गावात प्रत्येकाला वाचायला लावायचं.
वॉली म्हणाला, म्हातारपणी डोळे फोडून घे. नवऱ्याला वाचनाचं वावडंच.

६ फेब्रुवारी
शेजारच्या बेरिलला सुचवलं. तिचे चहाबरोबरचे स्कोन आज भाजून दगड झाले होते, पण ते असो. ती म्हणाली, हे तर आपल्या लोर्नासारखंच गं. लोर्ना म्हणजे आमच्याकडे कातरणीवाल्यांचा स्वयंपाक करायची ती. एका उन्हाळ्यात दिसेनाशीच झाली. मी म्हटलं, काहीतरीच! शहरात पळाली ती, वॉलीनंच स्टेशनावर सोडलं. बेरिल म्हणाली, वॉलीच तेवढा सांगतो. बेरिल जरा मंदच आहे बिचारी.

९ फेब्रुवारी
आज तर कहर! पुस्तकातला खुनी सापडतो कशावरून? ऐन दुष्काळात शेततळं बुजवतो म्हणून! आमच्याकडे तळं आटलं की माणूस आणखी खोल खणतो. बुजवत कुणी नाही. मी मोठ्यानं हसले. आमच्या वॉलीनं अगदी हेच केलं होतं, लोर्ना गेली त्याच उन्हाळ्यात! माझ्यासाठी! लेक ग्लेनिस बुडेल म्हणून मला धास्ती. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.
बायकांच्या चहाला सगळ्यांना रंगवून सांगितलं. सगळ्यांनी कप खाली ठेवले. काय पकड असते बघा चांगल्या पुस्तकाची! एल्सीनं विचारलं, ग्लेनिस तेव्हा जन्मली तरी होती का? मी म्हटलं, नव्हती, पण माझा नवरा दूरदृष्टीचा.

१० फेब्रुवारी
माझ्या शिफारशीची ख्याती पसरली! कॉन्स्टेबल डीन स्वतः पुस्तक मागायला आला. अजून ओठावर लव आहे, पण वाचनाची आवड बघा. विचारत होता, तळं नेमकं कुठं होतं आजी? फाटकात उभं राहून दाखवलं. टोपी काढून आभार मानले त्यानं.
वॉली जेवला नाही. मटणाचे चॉप्स कुत्र्याला. विचारलं, आणखी कुणाकुणाला सांगितलंस? मी म्हटलं, सगळ्यांना! तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. बायकोचा अभिमान असतो पुरुषांना, बोलून दाखवत नाहीत.

१४ फेब्रुवारी
सकाळीच पोलिसांच्या गाड्या. मागे खणायचं यंत्र. पुस्तकाबद्दल कुणी अक्षर बोललं नाही. डीन माझ्या नजरेला नजर देईना. म्हणाला, आजी, तुम्ही व्हरांड्यातच बसा. चहाच्या बायकांपैकी एकही फिरकली नाही.
हे पुस्तक आता कुणालाही सुचवणार नाही.
वॉली माझ्या शेजारी बसून बघत होता. का आलेत, हे त्यानं विचारलंच नाही. मी म्हटलं, सांग ना रे त्यांना, ग्लेनिससाठी बुजवलं म्हणून. तो म्हणाला, चुकीच्या टोकाला खणताहेत. मग वाकून बूट चढवायला लागला. म्हणाला, जाऊन दाखवतो. हळू खणायला सांगतो त्यांना.