वडिलांच्या नाण्यावरील शेरा

४ मार्च

आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचा चिटणीस सकाळी येऊन गेला. धंद्याने घड्याळजी, जिभेने वकील! म्हणाला, "अण्णा, सगळे आता त्या कंपनीकडे नाणी धाडतात. ते तपासतात, श्रेणी देतात, डबीत बंद करतात. विश्वास ठेवायचा का? तुमचा शब्द तो मंडळाचा शब्द." माझे शिक्षण इयत्ता चौथी. परंतु चाळीस वर्षे लोक नवे नाणे प्रथम माझ्या तळहातावर ठेवतात. अभिप्राय लेखी देईन, असे सांगितले.

५ मार्च

परीक्षकाचीच परीक्षा घ्यावी. दोन नाणी धाडली. एक खोटे — तरुणपणी मला फसवून गेलेले. दुसरे वडिलांचे, चांदीचे. याहून उत्तम नाणे माझ्या पाहण्यात नाही.

२ एप्रिल

खोटे त्यांनी अचूक पकडले. वडिलांच्या नाण्यावर मात्र शेरा — "घासलेले. श्रेणी देता येत नाही."

घासलेले! नाणे घासणे म्हणजे त्याची कातडी सोलणे, हे मंडळाला मीच शिकवले. दिवसभर अन्न गोड लागले नाही.

३ एप्रिल

तेच नाणे मेव्हण्याच्या नावे पुन्हा धाडले.

३० एप्रिल

शेरा तोच. अक्षरही इकडचे तिकडे नाही. मेव्हणा म्हणतो, "दाजी, दोन्ही वेळा तेच सांगतात, म्हणजे काहीतरी असेल की!" त्याला नाण्यातले काय कळते! फार थकलो आहे. तरीही पत्र लिहिले — "सदर कंपनी विश्वासास पात्र नाही." चिटणीस परवा येऊन नेईल.

१ मे

पत्र हिला वाचून दाखवले. ही हसू लागली. "अहो, त्या बिचाऱ्यांवर कशाला चिडता? दर वर्षी दंतमंजन लावून मीच घासते की! चार माणसांना दाखवता तुम्ही, काळेकुट्ट बरे दिसेल का?"

भिंग काढले. केसाएवढ्या रेघा, एकीला लागून एक. जगाची नाणी तपासली. या एकावर कधी भिंग धरले नाही. घरच्या माणसाला कोणी तपासतो काय? जी चमक मी अभिमानाने मिरवली, ती दंतमंजनाची!

२ मे

पत्र फाडले. चिटणिसाला नवे दिले — "कंपनी विश्वासास पात्र आहे. यापुढे माझा अभिप्राय घेऊ नये."

हिला इतकेच सांगितले — नाणे फार सुंदर चमकते.