केदारखेड्याचा मुराळी

माय, तुझ्या त्या माहेरच्या वाटेचा खरा खर्च आज बसल्या बसल्या काढला. गुळाचा एक खडा, पाण्याचा एक तांब्या, शेजाऱ्याच्या बैलांची दिवसभराची चाल आणि तुझ्या सासूचा, म्हणजे आमच्या आजीचा, तुझ्याशी दिवाळीपर्यंतचा अबोला. अबोलाच सगळ्यात महाग पडला, असं मी एकदा म्हणालो, तर तू म्हणालीस, "येडा हायेस का? त्यो नफ्यात धर."

तुझं बोलणं मी असंच ऐकून ऐकून साठवलं. आज धान्याच्या मोंढ्यात माझी स्वतःची आडत आहे. ज्वारी ओतताना नुसत्या आवाजावरून ती ओली का सुकी ते मी सांगतो, आणि लोक म्हणतात, शेठचे कान तिखट. ते कान तुझ्या चुलीपाशी तयार झाले. त्या घरात तुझ्या वाट्याला चूल, जातं आणि मागची मोरी एवढीच जागा आली होती. तू पुढच्या दारात जरा उभी राहिलीस की आजी नुसती खाकरायची, आणि तू आत. बाप जालन्याला कापसाच्या जिनावर कामाला, आठवड्यातून एकदा यायचा. राज्य निजामाचं असलं तरी घरात हुकूम आजीचा.

मग भाकरी थापता थापता तू आम्हा पाचांवर बोलत राहायचीस. "थोरली बोलताना जेवती, ह्यो जेवताना बोलतो, आन तिसऱ्याला दोन्ही जमत न्हाई म्हणून त्यो रडतो." पाठच्या जुळ्यांकडे बघून म्हणायचीस, "एकच मागितलं व्हतं, देवानं वर एक घातलं. बिलकुल घासाघीस केली न्हाई मी." आणि कधी थकलीस की, "गाईला एका खुंट्याला बांधत्यात. मला पाच खुंट्यांना बांधलंय, आन खुंटेच पळून राह्यलेत." आम्ही हसायचो. आजीसुद्धा तोंड फिरवून हसायची. पण आमच्या त्या हसण्यात तुझ्या भाकरीची थाप मध्येच थांबलेली मला ऐकू यायची.

त्या श्रावणात बांगड्या भरायला आलेल्या कासारानं निरोप आणला. केदारखेड्याची तुझी माय अंथरुणाला खिळली आहे, पोरीला एकदा बघू द्या म्हणते. तुझा बाप केव्हाच गेला होता. एकुलता भाऊ पोटासाठी हैदराबादेकडे गेला तो परतलाच नाही. आणि सासुरवाशिणीनं माहेरी जायचं तर तिकडून मुराळी यायला पाहिजे, न्यायला आलेला माणूस पाहिजे. आजीनं तेवढंच सांगितलं. "मुराळी येऊ दे, मंग जा. आपल्या घरची सून आपल्या मनानं उठून जात न्हाई." पंचमी जवळ आली. गल्लीतल्या एकेकीचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. मी म्हणालो, "माय, मीच नेतो तुला." तू पीठ चाळत होतीस. "मुराळी माहेरातून यावा लागतो, बाबा. पोटातून आलेला चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी ओसरीवर शेजारणींसोबत डाळ निवडत बसली आहे. मी बापाचा रुमाल डोक्याला गुंडाळतो, मागच्या बोळातून वळसा घालून पुढच्या दारात येतो. "राम राम. केदारखेड्याहून आलो. बहिणीला न्यायला."

बाया पोट धरून हसतात. आजीलाही खेळ आवडतो. "या, या, पाव्हणं! वाटंनं पाऊस व्हता का?"

"व्हता की."

"म्हशी दूध देऊन राह्यल्या ना?"

"एक देती, एक लाथा देती."

आजी हसत हसत उठते आणि खऱ्या पाहुण्याला द्यावा तसा तांब्या माझ्या हातात देते, वर गुळाचा खडा. मी गूळ तोंडात टाकतो, तोवर तू हात पुसत दारात येतेस.

"आत्याबाई, गूळ-पाणी दिलं न्हवं?"

"दिलं. मंग?"

"चार बायांच्या देखत दिलं. आता मुराळ्याला हात हलवत धाडलं, तर गाव काय म्हणंल?"

शेजारणी डाळीत डोकं घालतात. गूळ तर माझ्या पोटात गेलेला. आजी माझ्या हातातला तांब्या काढून घेते. "जा. पन हे लेंढार बी संगं ने."

मोंढ्यात मी अजून छाती काढून सांगतो, की नवव्या वर्षी पहिला सौदा केला, आजीच्या हुकमातून मायला सोडवलं आणि तिला तिचं माहेर दाखवून आणलं. लोक खूश होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजाऱ्याच्या गाडीत आपण सहाजण दाटीनं बसून निघालो. दुपार कलली तेव्हा नदी आली, दोन्ही थड्या भरून. गाडीवाला म्हणाला, "बाई, ह्या पाण्यात बैल घालणार न्हाई." आपण वाट बघत बसलो. पाणी चढतच होतं. जुळे भुकेनं रडायला लागले, तर तू म्हणालीस, "रडा, रडा. नदीत तेवढंच कमी व्हतं." मग तू गाडीच्या धुरेवर चढलीस, मला जवळ ओढलंस आणि पलीकडे बोट केलंस. "त्या लिंबाआडून धूर निघून राह्यला बघ. म्हंजे माय उठली. चुलीपाशी बसली. दिसलं का रं?"

"दिसलं," मी म्हणालो.

अंधार पडायच्या आत गाडीवाल्यानं बैल वळवले. पुढच्या पंचमीआधीच तुझी माय गेल्याचा निरोप आला, तोही दहावं उरकल्यावर. "आता मुराळी आला तरी कुणाकडं नेईल?" एवढं म्हणून तू भाकरी तव्यावर टाकलीस. त्यापुढे तुझा विनोद येईल म्हणून मी थांबलो होतो. आला नाही.

हे लिहून मी घडी करून आडतीच्या फळीवर ठेवणार आहे. टपालात टाकून कुठं पोचणार? आता त्या नदीवर पूल झाला. माल घेऊन मी कैकदा केदारखेड्यातून जातो, गाडी हळू करतो आणि बघतो. कडुलिंब पुष्कळ आहेत. त्या संध्याकाळीही पुष्कळ होते, आणि पाच-सहा घरांवर धूर होता. माय, त्यातलं तुझं कोणतं, ते मला कळलंच नव्हतं.