मैदानाची वाटणी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, मैदानावरचा बॉल उचलायला. कंबरेत उसण भरली, म्हणून बाकीचं पत्र उशी पाठीशी घेऊन लिहितो आहे.)

तुझा गुडघा काय म्हणतो? ब्लडप्रेशरची गोळी वेळेवर घेतेस ना? वॉर्डातल्या पेशंटांनी तुला बघून गोळी पाण्याशिवाय गिळली असेल, डॉक्टरसुद्धा तुझ्यासमोर हळू बोलायचे. पण निवृत्त नर्ससारखी वाईट पेशंट जगात नसते हे तूच सांगायचीस. फोनवर तू ‘बरी आहे’ एवढंच म्हणतेस, आणि त्यातलं किती खरं हे तोंड बघितल्याशिवाय मला कळत नाही. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय मला शेक देता देता बोलून घेते. तुझी भाची उंचीने माझ्या पुढे गेली आहे आणि शाळेत तिला कुणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘भिंत’ म्हणतात, कारण ती मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर आहे. पत्राचं कारण तेच. हा संघ परगावच्या स्पर्धेला जाणार की घरी बसणार हे या शनिवारी ठरायचं आहे, आणि शाळेचा खेळाचा मास्तर म्हणून तुझा भाऊ मधल्या मध्ये लोंबकळतो आहे. पण मला कुठलीच गोष्ट मधून सांगता येत नाही, तेव्हा पहिल्यापासून ऐक.

आमच्या शाळेला एकच मैदान. ते मुलांचं आहे असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, पण ते मुलींचं आहे असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं. मुली पाण्याच्या टाकीमागे खेळायच्या. तिथे बॉल लाथाडला की टाकीवर आपटून परत यायचा, त्यामुळे पास द्यायला माणूस लागत नसे. मग खात्याचं परिपत्रक आलं, की कायद्याप्रमाणे शाळेत मुलगी म्हणून कुणाला मागे ठेवता येणार नाही. मैदान, साहित्य, सराव, शिकवणं, सगळ्यात दोघांना सारखा वाटा. आमच्याकडे परिपत्रक आलं की ते फळ्यावर लावतात आणि त्यावर सहलीची सूचना टोचतात. तुझ्या भाचीने सहलीची सूचना उचलून खालचं वाचलं आणि थेट हेडमास्तरांच्या खोलीत गेली. “सर, यात आमचं मैदान आहे,” म्हणाली.

हेडमास्तर माणूस सज्जन. कायदा म्हटल्यावर पाळायचाच, यात त्यांना शंका नव्हती. फक्त ते जन्मभर गणित शिकवत आले आहेत, त्यामुळे सारखा वाटा म्हटल्यावर त्यांनी भागाकारच केला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः, कोट काढून, बाह्या सरसावून, मैदानाच्या बरोबर मधोमध त्यांनी चुन्याच्या फक्कीची आडवी रेघ मारली. अलीकडचं अर्धं मुलांचं, पलीकडचं अर्धं मुलींचं. सख्ख्या भावांची वाटणीसुद्धा इतकी चोख होत नाही. बॉल निम्मे निम्मे, हवा भरायचा पंप आळीपाळीने. (बूट ज्याचे त्याचे होते म्हणून वाचलो, नाहीतर डावे मुलांना आणि उजवे मुलींना दिले असते.) हाताची फक्की रुमालाला पुसत त्यांनी मला विचारलं, “आता झालं ना मास्तर, समसमान?” मी हो म्हटलं. ताई, अर्ध्या मैदानात एकच गोलपोस्ट येतो हे तेव्हा मलाही सुचलं नाही, आणि मी खेळाचा मास्तर.

झालं असं, की दोन्ही संघ आपापल्या एकाच गोलवर खेळू लागले. गोल करायचा तोही तिथेच आणि अडवायचा तोही तिथेच. मुलांना त्याची इतकी सवय झाली की शेजारच्या शाळेशी मैत्रीचा सामना झाला तेव्हा मध्यंतराआधी त्यांनी झकास खेळ केला, मग बाजू बदलल्या आणि आमचा कप्तान बॉल घेऊन वाऱ्यासारखा धावत सुटला तो सरळ स्वतःच्या गोलकडे. आमचा गोलकीपर टाळ्या वाजवत होता. बॉल जाळीत गेल्यावर दोघांनी मिठी मारली. शेजारच्या शाळेच्या मास्तरांनी मला हळूच विचारलं, “ही काही नवी पद्धत आहे का?”

तेव्हा हेडमास्तरांनी चूक मान्य केली (हे मोठेपण सगळ्यांत नसतं) आणि फक्की उभी मारली. आता दोघांना दोन्ही गोल मिळाले, पण प्रत्येक गोल अर्धा. एकाच गोलपोस्टमध्ये डाव्या बाजूला मुलांचा गोलकीपर, उजव्या बाजूला तुझी भाची, खांद्याला खांदा लावून, एकाच खिडकीतून रस्ता बघणाऱ्या शेजाऱ्यांसारखे. त्यातून जी भांडणं झाली ती कुठल्या कायद्यात बसत नाहीत. मुलांच्या कप्तानाने मारलेला बॉल तिने अडवला. तो तणतणत माझ्याकडे आला, “सर, ही आमचा गोल का अडवते?” ती म्हणाली, “माझ्या अर्ध्यात आला म्हणून. तुला तुझ्या अर्ध्यात मारता येत नाही, त्याला मी काय करू?” मुलांचा गोलकीपर खाली मान घालून हसत होता, कारण तो बॉल त्याच्याच्याने अडला नसता. पुढे ती दोघं एकमेकांना उडी कशी मारायची ते शिकवू लागली आणि दोघंही सुधारली, एवढा एक फायदा मात्र त्या उभ्या फक्कीचा मान्य केला पाहिजे.

शेवटी एका संध्याकाळी हेडमास्तर मैदानाच्या कडेला माझ्याशेजारी येऊन बसले. खेळ बघता बघता म्हणाले, “मास्तर, मैदान कापून चालत नाही. ते अख्खंच द्यावं लागतं.” मग आलटूनपालटून दिवस ठरले. ज्या दिवशी मुलींना पहिल्यांदा पूर्ण मैदान मिळालं त्या दिवशी त्या खेळल्याच नाहीत. नुसत्या धावल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बॉलसुद्धा न घेता, किंचाळत. मी शिटी वाजवायला तोंडात धरली होती, ती तशीच राहिली.

आता अडचण. स्पर्धेच्या गावी मुक्काम आहे, आणि नियम असा की मुलींच्या संघाबरोबर एक बाई पाहिजेच, व्यवस्थापक म्हणून. बाई नाही तर प्रवेश नाही. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंचं बाळ अजून अंगावर पितं, विज्ञानाच्या बाईंची सासू आजारी, आणि तिसऱ्या बाई म्हणजे लायब्ररीच्या, त्यांना बसमध्ये उलट्या होतात, त्यांनाच सांभाळायला आणखी एक बाई लागेल. पालकांची सभा बोलावली. एका किराणा दुकानदार वडिलांनी संधी साधली. “आता देवानेच नको म्हटलंय तर राहू द्या ना. पोरीची जात, हातपाय मोडले तर?” शिवणकाम करणारी एक आई मागून म्हणाली, “दुकानातली तेलाची डबडी तुमची पोरगी उचलते, तेव्हा नाही मोडत वाटतं?” सभा हसली. दुकानदारही हसला, आणि मग म्हणाला, “बरं, कोणी जबाबदार बाई असेल तर माझी ना नाही.” सगळ्या पालकांचं घोडं तिथेच येऊन अडलं.

भाचीने हेडमास्तरांना विचारलं, की मुलांबरोबर आमचे बाबा एकटे जातात आणि येताना एखाद्याला स्टँडवर विसरूनही येतात (एकदाच झालं होतं, ताई, आणि तो मुलगा वडापाशी सावलीत झोपला होता), तरी मुलांचा संघ कधी घरी बसत नाही, मग आम्हीच का? हेडमास्तर म्हणाले, तुमच्या काळजीपोटीच नियम आहे, बाळ. ती म्हणाली, “सर, बाई देण्याची काळजी शाळेने करायची ना? मग बाई मिळाली नाही तर शिक्षा आम्हाला का?” हेडमास्तर चष्मा काढून पुसत बसले. नंतर मला म्हणाले, “मास्तर, ही बरोबर बोलते आहे. कुठूनही बाई शोधा. शाळेतलीच पाहिजे असं नियमात नाही, मी नीट वाचलंय.”

असो. तू काळजी करू नकोस, होईल काहीतरी. हे पत्र केवळ तुझी खुशाली विचारायला लिहिलं आहे. भावोजी गेल्यापासून तू कुठे जात-येत नाहीस हे मनाला लागून राहतं, एवढंच. गुडघ्याला जप. उत्तर पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. जबाबदार बाई, आवाज खणखणीत, मोडलेला हात बांधता येणारी, रात्रपाळीची सवय असलेली, पोरींना वेळेवर झोपवणारी आणि दुकानदारांना गप्प बसवणारी, अशी कोणी तुझ्या बघण्यात आहे का? सहज विचारतो.

आणखी ता. क. तुझं नाव दिलं आहे. रागावू नकोस. मी भाचीला म्हटलं होतं, आत्या आता घराबाहेर पडत नाही, तिला त्रास नको. ती म्हणाली, “बाबा, तिला कुणी बोलावलंय का?” मग मी फॉर्म पुढे ओढला आणि तुझं नाव लिहिलं.

शेवटचं ता. क. तुला काय म्हणायचं यावर संघात बरीच चर्चा झाली. मॅडम नको, सिस्टर नको, मॅनेजर तर नकोच. शेवटी सगळ्यांनी मिळून आत्याच म्हणायचं ठरवलं. म्हणजे आता तुला एक संघभर भाच्या झाल्या आहेत आणि राखीव वेगळ्या. नाही म्हणायचं असेल तर त्यांना एकेकीला समोर उभं करून म्हण, माझ्यात ती हिंमत नाही. रविवारी सकाळी तयार राहा. बस तुझ्या दारावरूनच जाते. (आधी जात नव्हती. ड्रायव्हरशी पोरी बोलल्या.)