शॉवर मध्येच का बंद पडायचा

अण्णा,

कसे आहात? गुडघा कसा आहे? तिकडे जिने नसावेत अशी आशा आहे. अक्कांचा दमा कमी झाला का? तुमच्यामागे दोनच वर्षांत त्याही तिकडे आल्या, तेव्हा बायकोविना एकट्याने जेवायची तुमची पाळी संपली असेल. वर्कशॉपच्या दारात बसून प्रत्येकाच्या डब्यातला घास चाखणारे वॉचमन तात्याही आता तिकडेच. त्यांच्या साखरेवर लक्ष ठेवा, लपवून गोड खातात. इकडचं म्हणाल तर मुलगा-सून जे. पी. नगरात खुशाल आहेत, माझी पाठ धरते आणि सोडते, आणि ह्यांचं सांगायला तर बसलेच आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी पत्र लिहितेय ते बंद पडणाऱ्या एका शॉवरबद्दल. हसू नका. सातवी शिकलेल्या बाईच्या हातात तुम्ही तांब्याची तार दिलीत आणि मोटर वाइंडिंग शिकवलंत. आता अडल्यावर विचारायला तुमच्याशिवाय आहे कोण?

गेल्या वर्षी ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय बऱ्यापैकी आला, हात निम्मा आला, बोलणं एकेक शब्द वेचून येतं. पाच महिने मी आंघोळ घालत होते. जन्मभर कडक इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला गेलेला माणूस, मी पाणी ओतायला लागले की डोळे गच्च मिटून घ्यायचा. ते बघून मुलाने विजेचा शॉवर बसवला. त्याला टाकी नाही, बादली नाही, पाणी वाहता वाहताच तापतं. खाली स्टूल ठेवलं, भिंतीला धरायला दांडा लावला. पहिल्या दिवशी हे आपले आपण आंघोळ करून आले, डाव्या हाताने भांग पाडला आणि म्हणाले, "शर्ट... निळा." त्या दिवशी मी शेवयांची खीर केली. आठ दिवस असे गोडीत गेले, आणि मग शॉवर दगा द्यायला लागला. अंगाला साबण लागलेला असताना पाणी एकदम गार. दहा मिनिटं थांबलं की आपोआप परत गरम. तोवर हे कुडकुडत बसलेले. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उद्यापासून... तूच घाल." अण्णा, तेव्हाच ठरवलं की हा शॉवर चालला पाहिजे. तो चालला नाही तर हा माणूस पुन्हा डोळे मिटून बसणार, आणि ह्या वेळी उघडेल की नाही, सांगता येत नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, प्रेशरचा इश्यू असेल. तू प्लीज हात लावू नकोस." मी इथल्या कानडी सवयीने "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हटलं आणि फोन ठेवून टेस्टर शोधला. आधी बोर्डाकडे गेले. एमसीबीचा खटका पडलेला नव्हता, म्हणजे शॉर्ट नव्हता. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मग झाकण उघडलं. स्क्रू आवळलेले, तारेचं एकही टोक काळं नाही. मग वरची जाळी काढली. आमच्या बोअरच्या पाण्याचे गुण तुम्हाला ठाऊक आहेत, निम्मी भोकं पांढऱ्या क्षाराने बुजलेली. पाणी कमी वाहिलं की आतली कॉइल फार तापते, आणि फार तापली की आतला कटआउट वीज तोडतो, एवढं तर तुमच्या हाताखाली शिकलेच होते. म्हटलं, सापडला चोर. जाळी व्हिनेगरमध्ये बुडवली, सुईने एकेक भोक मोकळं केलं, नळ पूर्ण सोडून दोन बादल्या भरल्या. पाणी वाफाळतं, एकदाही बंद नाही. ह्यांना सांगितलं, "आज बिनघोर करा." पाच मिनिटांत आतून हाक. पाणी गार. आत गेले तर नळ बंद करून बसलेले, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. दहा मिनिटांनी मी पुन्हा चालवून बघितला, तर गडी शहाण्यासारखा चालतोय. माझ्या हातात शहाणा, त्यांच्या हातात वेडा.

मग कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "अक्का, हा कटआउटच नाटक करतोय. स्वल्प थांबा, काढून डायरेक्ट जोडून देतो. मग बंद पडायचं नाव नाही."

"आणि पाणी उकळलं तर?"

"तेवढं काही होत नाही अक्का. सगळीकडे असंच करतो मी."

"सगळीकडे करतोस म्हणजे मोठाच धीराचा आहेस," मी म्हटलं. "चहा घे आणि जा."

तो हसत गेला, पण मी मात्र तिथेच उभी. कारण हेच मी एकदा केलं होतं, तुम्हाला आठवत असेल. राजाजीनगरचं आपलं वर्कशॉप, दुपारची वेळ. एक मोटर चालू केली की जास्त भार आल्यावर वीज तोडणारा ओव्हरलोडचा खटका पडत होता. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत होतं म्हणून मी वायरचा तुकडा घालून ओव्हरलोडला वळसा दिला. मोटर झकास फिरली. मी ऐटीत उभी. तुम्ही जेवून हात पुसत आत आलात, जळका वास घेतलात आणि थेट मेन पाडलात. सगळ्यांसमोर तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "पोर रडतंय म्हणून त्याचं तोंड दाबलंस, तर पोट दुखायचं थांबतं काय ग?" कान लाल झाले माझे. दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही, आणि तुम्ही मुद्दाम दोन्ही दिवस माझ्या डब्यातली भाजी मागून खाल्लीत.

तुमची रीतच निराळी. यंत्र उघडायच्या आधी ते चालवणाऱ्याला गाठायचं. ती पिठाच्या गिरणीची मोटर आपण तीनदा वाइंड करून दिली, तीनदा जळून आली. सगळे तारेला नावं ठेवत होते. तुम्ही मला घेऊन गिरणीत गेलात आणि अर्धा दिवस नुसते पोत्यावर बसून राहिलात. मी चुळबुळ करतेय, तुम्ही गिरणीवालीशी तिच्या सुनेच्या गोष्टी करताय. मध्ये वीज गेली, आली, आणि बाईने तोंडापर्यंत ज्वारीने भरलेलीच गिरणी चालू केली. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत. मोटर भरल्या ओझ्यानिशी उठत होती, जळेल नाही तर काय? परत येताना बसमध्ये म्हणालात, "आग रामेश्वरी आणि आपण बंब नेतोय सोमेश्वरी. आधी माणसाजवळ बसावं."

बसावं, पण न्हाणीघरात कसं बसायचं? ह्यांनी तर दार लोटूनच घ्यायचं ठरवलेलं. शेवटी परवा म्हटलं, "मला फक्त शॉवर बघायचाय, तुम्हाला नाही. पन्नास वर्षांत काय बघायचं राहिलंय?" गालातल्या गालात हसले, पण दार चार बोटं उघडं ठेवलं. मी बाहेर पाटावर बसले. पाणी पूर्ण सुटलं, वाफ निघाली. मिनिटभराने त्यांचा डावा हात नळाकडे गेला. नळ हळूहळू आवळत आणला, धार पार बारीक केली, मान तिरकी करून क्षणभर थांबले, मग पुन्हा साबण. थोड्या वेळाने खट्ट, आणि पाणी गार. सापडलं, अण्णा. बिघाड कुठेच नव्हता. एवढ्याशा धारेवर कॉइल तापणार नाही तर काय करणार?

"नळ का हो बारीक करता?" मी विचारलं.

डाव्या हाताने त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "पाण्याचा... आवाज. तू आहेस का... कळत नाही."

आता मी दार अर्धं उघडं ठेवते आणि समोरच पाट घेऊन लसूण सोलत बसते. मी दिसत असले म्हणजे त्यांना ऐकायची गरज पडत नाही. नळ पूर्ण सुटलेला असतो. सहा दिवस झाले, पाणी एकदाही गार झालं नाही, आणि काल निळा शर्ट धुवायला पडला म्हणून माझ्यावर चिडलेसुद्धा. बरं वाटलं.

पण तुमच्यापासून काय लपवायचं? पहिले आठ दिवस मी दाराशी उभी राहून अखंड बडबडत होते, म्हणून शॉवर चालला. नंतर त्यांना जमतंय असं बघितलं आणि "मी इथेच आहे" असं सांगून वर गच्चीवर जायला लागले. वर काही काम नसायचं. अख्ख्या दिवसात तेवढीच पंधरा मिनिटं कोणी मला हाक मारत नव्हतं. त्यांना संशय आला असणार, म्हणून पाणी बारीक करून कान देत होते. आणि तिसऱ्यांदा पाणी गार झालं ना, त्या दिवशी त्यांची हाक मला वर ऐकू आली होती. पहिलीच हाक. मी कठड्याला हात टेकून तशीच उभी राहिले. दुसरी आली, तरी उभी. तिसऱ्या हाकेला खाली उतरले.

ते अजून समजतात की मी स्वयंपाकघरात होते. त्यांना खरं सांगावं, की समोर बसते आहे तेवढं पुरे, हे मला ठरवता येत नाही. पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवते. तुम्ही मात्र उत्तर लवकर लिहा. ते रोज आंघोळीला बसताना माझ्याकडे बघून हसतात.